शिरेतून प्रतिजैविक : औषधाइतकीच त्याची पद्धत

शिरेतून प्रतिजैविक देण्याच्या मुख्य पद्धती चार आहेत. पहिलीत सिरिंजमधले औषध तीन ते पाच मिनिटांत थेट शिरेत सोडतात. दुसरीत ते ५० किंवा १०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या तासात थेंबाथेंबाने देतात. तिसरीत तोच डोस तीन-चार तासांवर लांबवतात. चौथीत दिवसाची सगळी मात्रा पंपाने २४ तास अखंड चालू ठेवतात. रुग्णालयांत या चारही पद्धती दिसतात, पण त्यांच्यातली निवड बहुधा सवयीने होते. औषध कोणते द्यायचे यावर डॉक्टर विचार करतात, कल्चरचा रिपोर्ट पाहतात, वरिष्ठांना विचारतात. ते कसे द्यायचे हे मात्र वॉर्डाच्या रिवाजावर सुटते. केस पेपरवर औषधाचे नाव, ग्रॅम आणि ‘बीडी’ किंवा ‘टीडीएस’ (दिवसातून दोनदा किंवा तीनदा) एवढे लिहिले की पुढचे काम सिस्टरांचे, असे धरले जाते. नातेवाइकांनाही ‘भारी’ अँटिबायोटिक सुरू झाले का, एवढेच जाणून घ्यायचे असते.

हा दृष्टिकोन उथळ आहे. औषध किती वेळात, किती अंतराने, कोणत्या द्रवातून आणि किती दिवस द्यायचे, या गोष्टी औषधाच्या निवडीनंतर उरणारे किरकोळ तपशील नाहीत. जंतू मरणार की नाही हे ठरवण्यात त्यांचा औषधाच्या नावाइतकाच वाटा असतो. योग्य औषध चुकीच्या रीतीने दिले, तर रक्तात त्याची पातळी दिवसाचा मोठा भाग जंतूला निरुपद्रवी असते. रिपोर्टवर ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेले असूनही रुग्ण सुधारत नाही, मग त्याहून वरचे औषध चढवले जाते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू भारतातल्या अतिदक्षता विभागांत आज मोठ्या संख्येने आहेत आणि नवी औषधे थोडी आहेत. अशा वेळी हाती असलेल्या औषधाचा पुरता उपयोग करून घेणे हा उपचाराचा गाभा ठरतो.

नियम जुनाच आहे

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिस शिपायाला शिरेतून पेनिसिलिन देण्यात आले. ताप उतरला, भूक परतली. पण औषध मूत्रपिंडांवाटे इतक्या झपाट्याने बाहेर पडत होते की लघवीतून ते काढून पुन्हा त्यालाच द्यावे लागले. साठा संपल्यावर संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये त्याचा मृत्यू झाला. पेनिसिलिन-जीचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, मूत्रपिंडे नीट चालत असताना सुमारे अर्धा तास असते. या औषधाची खरी अडचण त्याच्या ताकदीची नव्हती, ते शरीरात टिकत नव्हते.

पुढे अमेरिकेत हॅरी ईगल यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून ही गोष्ट मोजून दाखवली. १९५० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामाचा निष्कर्ष असा, की पेनिसिलिनची पातळी किती उंच चढली याला फार महत्त्व नाही. जंतूला पुरेल एवढी पातळी एकूण किती वेळ राहिली, यावर गुण अवलंबून असतो. सत्तर वर्षांहून जुने हे ज्ञान आजही बहुतेक वॉर्डांच्या वेळापत्रकात उतरलेले नाही. याचे कारण बहुधा असे, की गोळीचे आणि इंजेक्शनचे वेळापत्रक माणसांच्या सोयीने बसवले गेले, औषधाच्या स्वभावाने नाही.

जंतू मारण्याच्या तीन रीती

जंतूची वाढ रोखायला औषधाचे जे किमान प्रमाण लागते ते प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर ‘एमआयसी’ या नावाने छापलेले असते. या आकड्याशी रक्तातल्या पातळीचे नाते कसे आहे, त्यावरून प्रतिजैविकांचे तीन गट पडतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधील विल्यम क्रेग यांनी १९९८ मध्ये ही मांडणी सविस्तर केली आणि आजचे डोस ठरवण्याचे शास्त्र तिच्यावर उभे आहे.

पहिला गट बीटा-लॅक्टमचा : पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम औषधे. ती जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना अडकवतात. एमआयसीच्या चार-पाच पट पातळी गाठली की मारण्याचा वेग जवळजवळ कमाल होतो. त्यापुढे पातळी दहापट नेली तरी जंतू अधिक वेगाने मरत नाहीत. मात्र पातळी एमआयसीखाली घसरली की बहुतेक जंतू लवकरच पुन्हा वाढू लागतात. म्हणून इथे वेळ महत्त्वाचा. कार्बापेनेमसाठी दोन डोसांमधल्या काळाचा निदान ४० टक्के, पेनिसिलिनसाठी सुमारे ५० टक्के आणि सेफॅलोस्पोरिनसाठी ६० ते ७० टक्के भाग पातळी एमआयसीच्या वर असावी लागते. अत्यवस्थ रुग्णात ती पूर्णवेळ वर ठेवण्याचा आग्रह अनेक तज्ज्ञ धरतात.

दुसरा गट जेंटामायसिन, अमिकासिन या अमिनोग्लायकोसाइडांचा. त्यांचा स्वभाव नेमका उलटा आहे. सर्वोच्च पातळी एमआयसीच्या आठ ते दहा पट गेली तर ती झपाट्याने मारतात, आणि पातळी उतरल्यावरही उरलेले जंतू काही तास वाढू शकत नाहीत. शिवाय मूत्रपिंडाच्या आणि आतल्या कानाच्या पेशी हे औषध एका मर्यादेपर्यंतच आत घेतात, त्यामुळे एकच मोठा डोस दिला तर तो तीन भागांत दिल्यापेक्षा मूत्रपिंडाला कमी इजा करतो. दिवसातून तीनदा जेंटामायसिन देण्याची जुनी रीत बहुतेक रुग्णांसाठी मागे पडली ती याच कारणाने. एकदाच दिलेला मोठा डोस निदान तितकाच गुणकारी आहे आणि मूत्रपिंडाला अधिक सुरक्षितही. हृदयाच्या झडपांचे काही संसर्ग त्याला अपवाद आहेत.

तिसऱ्या गटात दिवसभरात शरीराला एकूण किती औषध भेटले हे पाहतात. व्हॅन्कोमायसिन त्यातले प्रमुख. पूर्वी पुढच्या डोसआधीची नीचतम पातळी १५ ते २० मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवायचा दंडक होता. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने तो सोडून दिवसभरातल्या या एकूण संपर्काचे मोजमाप ४०० ते ६०० च्या पट्ट्यात ठेवायला सांगितले, कारण जुन्या दंडकाने मूत्रपिंडे अधिक बिघडत होती.

डोस दुप्पट करणे आणि डोस लांबवणे

बीटा-लॅक्टमच्या बाबतीत पद्धतीचा फरक किती पडतो हे साध्या गणिताने दिसते. मेरोपेनेमचे अर्धायुष्य एक तास आणि ते शरीरातल्या २० लिटर द्रवात पसरते असे धरू. जंतूची एमआयसी ४ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि डोस दर आठ तासांनी आहे. १ ग्रॅम अर्ध्या तासात दिले तर पातळी ४ च्या वर सुमारे ३ तास ५० मिनिटे राहते. डोस दुप्पट करून २ ग्रॅम दिले तर हा वेळ फक्त एका तासाने वाढतो, कारण दुप्पट मात्रा निम्मी व्हायला एकच अर्धायुष्य लागते. खर्च दुप्पट, लाभ एक तासाचा. तेच १ ग्रॅम तीन तासांवर लांबवले तर पातळी ५ तासांहून थोडा अधिक वेळ वर राहते. म्हणजे एक मिलिग्रॅमही न वाढवता दुप्पट डोसपेक्षा अधिक लाभ पदरात पडतो.

आता तेच ३ ग्रॅम २४ तास अखंड सोडले तर पातळी ९ च्या आसपास स्थिर राहते, म्हणजे ४ च्या एमआयसीपेक्षा चोवीस तास वर. हे उत्तम दिसते, पण एमआयसी १६ असेल तर? ९ ची स्थिर पातळी तिथे एक क्षणही पुरत नाही. तीन तासांच्या इन्फ्युजनमध्ये पातळी २१ पर्यंत चढते आणि थोडा वेळ तरी १६ ओलांडते. म्हणून अखंड पद्धत म्हणजे प्रत्येक वेळी सर्वोत्तम, असा उलट टोकाचा समजही टाळायला हवा. जंतूची एमआयसी माहीत नसताना किंवा ती जास्त असण्याची भीती असताना तीन-चार तासांचे लांबवलेले इन्फ्युजन हा अधिक शहाणा मार्ग आहे. आणि ज्या जंतूने औषधाला दाद देणे पूर्ण सोडले आहे, त्याच्यापुढे कोणतीही पद्धत चालत नाही.

याच गणिताने ‘टीडीएस’चा अर्थही तपासता येतो. दिवसातून तीन वेळा म्हणजे सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ असे वॉर्डाने धरले, तर रात्रीचे अंतर बारा तासांचे होते. एक तासाच्या अर्धायुष्याचे औषध बारा तासांत मूळ पातळीच्या चार हजाराव्या भागाहून खाली जाते. रात्रीच्या उत्तरार्धात जंतूला मोकळे रान मिळते. ‘दर आठ तासांनी’ असे लिहून तास नोंदवणे हा या चुकीवरचा बिनखर्ची उपाय आहे. उलट सेफ्ट्रियाक्झोनचे अर्धायुष्य सुमारे आठ तासांचे असल्याने ते दिवसातून एकदा, काही संसर्गांत दोनदा, दिलेले पुरते. त्याला लांबवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

पहिल्या डोसचे निराळे नियम

लांबवलेल्या डोसचे सारे गुण मान्य केले तरी पहिला डोस लांबवायचा नसतो. रक्तदाब घसरलेल्या सेप्सिसच्या रुग्णात प्रत्येक तासाची किंमत असते. आनंद कुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रक्तदाब घसरल्यानंतर योग्य प्रतिजैविकाला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे वाचण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेले दिसले. ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’च्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत सेप्टिक शॉकमध्ये एका तासाच्या आत प्रतिजैविक देण्याची शिफारस आहे. त्याच मार्गदर्शिकेत बीटा-लॅक्टम पहिल्या डोसनंतर लांबवून देण्याचे सुचवले आहे. दोन्ही सूचना एकत्र वाचायच्या असतात : आधी पूर्ण डोस लवकर, मग पुढचे डोस सावकाश.

इथे थेट सिरिंजने देण्याची जुनी, साधी पद्धत पुन्हा उपयोगी पडते. सेफ्ट्रियाक्झोन, सेफेपाइम, मेरोपेनेम अशी अनेक औषधे योग्य प्रमाणात विरघळवून तीन ते पाच मिनिटांत देता येतात. बाटली भरणे, सेट लावणे, पंप शोधणे यात जाणारा वेळ वाचतो. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्टो रिकोतले सलाईनचे कारखाने बंद पडले आणि अमेरिकेत छोट्या पिशव्यांचा तुटवडा झाला, तेव्हा तिथल्या अनेक रुग्णालयांनी नाइलाजाने ही पद्धत स्वीकारली. दोन औषधे द्यायची असतील आणि शीर एकच मिळाली असेल तर क्रमही ठरतो. मेरोपेनेम पाच मिनिटांत संपते, व्हॅन्कोमायसिनला दीड-दोन तास लागतात, म्हणून बीटा-लॅक्टम आधी.

पहिल्या डोसाबद्दलची दुसरी चूक मूत्रपिंडाशी जोडलेली आहे. क्रिएटिनिन वाढलेले दिसले की पहिलाच डोस निम्मा केला जातो. पण पहिल्या डोसाने शरीरातला द्रव औषधाने भरायचा असतो, आणि सेप्सिसमध्ये सलाईनच्या बाटल्या गेल्यामुळे तो द्रव वाढलेलाच असतो. मूत्रपिंड औषध किती वेगाने बाहेर काढते, हा प्रश्न दुसऱ्या डोसापासून येतो.

पहिल्या डोसाचे हे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते कोलिस्टिनमध्ये. दाद न देणाऱ्या क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टरमुळे हे जुने औषध भारतातल्या आयसीयूंमध्ये पुन्हा नेहमीचे झाले. शिरेतून जाते ते त्याचे निष्क्रिय रूप, आणि शरीरात त्याचे सक्रिय औषधात रूपांतर संथपणे होते. सुरुवातीला ९० लाख युनिटांचा लोडिंग डोस दिला नाही आणि थेट दर बारा तासांचे ४५ लाख युनिट सुरू केले, तर रक्तात पुरेशी पातळी यायला दोन-तीन दिवस लागू शकतात. अत्यवस्थ रुग्णाला तेवढे दिवस नसतात. औषध ‘चालू’ आहे अशी नोंद असते, प्रत्यक्षात ते अजून पोहोचलेलेच नसते.

दुसऱ्या डोसकडे तर कोणाचेच लक्ष नसते. पहिला डोस कॅज्युअल्टीत दिला जातो, रुग्ण वर हलतो, नवा केस पेपर तयार होतो आणि पुढचा डोस वॉर्डाच्या ठरलेल्या वेळेपर्यंत लांबतो. पहिल्या डोसच्या घाईने मिळवलेले इथे गमावले जाते.

शस्त्रक्रियेआधीच्या डोसालाही घड्याळ लागू आहे. सेफॅझोलिन चीर देण्याआधीच्या तासाभरात जायला हवे आणि शस्त्रक्रिया चार तासांहून लांबली तर पुन्हा द्यावे लागते. वॉर्डातून निघताना दिलेले आणि थिएटरबाहेर ताटकळण्यात विरलेले इंजेक्शन संरक्षण देत नाही.

घाई जिथे घातक ठरते

काही औषधांत वेग हाच धोका असतो. व्हॅन्कोमायसिन मिनिटाला १० मिलिग्रॅमहून वेगाने देऊ नये, म्हणजे १ ग्रॅमला किमान १०० मिनिटे लागतात. घाईने दिले तर शरीरातून हिस्टामिन सुटते, चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, रक्तदाब घसरतो. ही बहुतेक वेळा खरी ॲलर्जी नसते. पण केस पेपरवर तशी नोंद झाली की रुग्ण एका उपयुक्त औषधाला कायमचा मुकतो. लेव्होफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅमला निदान एक तास द्यावा लागतो. क्लिंडामायसिन आणि अझिथ्रोमायसिन कधीच थेट सिरिंजने देत नाहीत.

नळीत राहून जाणारे औषध

पद्धतीच्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे आयव्ही सेटची नळी. १०० मिलिलिटरची बाटली रिकामी झाली की सेट बंद करतात. त्या वेळी नळीत समजा २० मिलिलिटर द्रव उरला, तर डोसाचा पाचवा भाग रुग्णाला मिळालाच नाही. ५० मिलिलिटरच्या बाटलीत हेच प्रमाण ४० टक्क्यांवर जाते. नळी पुढच्या वेळी काढून टाकली जाते आणि औषध कचऱ्यात जाते. असे दिवसातून तीनदा, आठवडाभर होते. आधी दिलेल्या गणितातली सारी काळजी या एका सवयीने वाया जाते. उपाय सोपा आहे. बाटली संपल्यावर २० ते ३० मिलिलिटर साधी सलाईन त्याच नळीतून त्याच वेगाने सोडायची. परिचारिकांच्या प्रशिक्षणात हा मुद्दा ठळकपणे यायला हवा, कारण डॉक्टरांच्या ऑर्डरीत तो कधीच लिहिलेला नसतो.

उष्णता आणि मिश्रणे

अखंड इन्फ्युजनच्या वाटेत आणखी एक अडथळा असतो, तो तापमानाचा. मेरोपेनेम पाण्यात विरघळल्यापासून विघटित होऊ लागते आणि उष्णतेने तो वेग वाढतो. म्हणून वातानुकूलित आयसीयूतही त्याची २४ तासांची एकच पिशवी लावत नाहीत, सहा-आठ तासांनी नवी भरतात. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम २५ अंशांवर एक दिवस टिकते, तेव्हा त्याला अखंड पद्धत सोयीची आहे. पण हे आकडे थंड हवेचे आहेत. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पंख्याखालच्या वॉर्डात खिडकीशी टांगलेल्या बाटलीला ते लागू पडत नाहीत. तिथे तीन तासांचे इन्फ्युजन, ऐनवेळी विरघळवलेल्या औषधाचे, हाच सुरक्षित पर्याय. परदेशी प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलणे इथे चुकीचे ठरते.

मिश्रणांचे नियम थोडे पण कडक आहेत. ॲम्पिसिलिन डेक्स्ट्रोजमध्ये टिकत नाही. पेनिसिलिन आणि अमिनोग्लायकोसाइड एकाच बाटलीत घातले तर दुसऱ्याची ताकद जाते. सेफ्ट्रियाक्झोन कॅल्शियमबरोबर साका धरते. आरएलमध्ये, म्हणजे रिंगर लॅक्टेटमध्ये, कॅल्शियम असते, तेव्हा ते दोन्ही एका नळीत एका वेळी नको. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रियाक्झोन वर्ज्यच आहे. फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत साका बसून नवजात बालके दगावल्याची नोंद आहे.

पुरावा पुरेसा आहे का

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे : गणित ठीक, पण त्याने माणसे वाचतात का? टॉम लोडाइस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की स्यूडोमोनासच्या संसर्गात अधिक आजारी रुग्णांना पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम चार तासांवर लांबवून दिले, तेव्हा १४ दिवसांतले मृत्यू ३१.६ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर आले. पण तो मागे वळून केलेला अभ्यास होता. २०२३ मध्ये मेरोपेनेमच्या ६०७ रुग्णांवरच्या ‘मर्सी’ या चिठ्ठी-पद्धतीच्या चाचणीत अखंड पद्धतीचा फायदा दिसला नाही. २०२४ मध्ये ‘ब्लिंग-३’ प्रसिद्ध झाली. ७ देशांतले १०४ अतिदक्षता विभाग, ७,००० हून अधिक रुग्ण. ९० दिवसांतले मृत्यू अखंड गटात २४.९ टक्के, अर्ध्या तासाच्या गटात २६.८ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. संसर्ग पूर्ण बरा होण्याचे प्रमाण मात्र ५५.७ विरुद्ध ५० टक्के होते. त्याच वेळी १८ चाचण्यांतल्या ९,१०८ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात लांबवलेल्या आणि अखंड पद्धतींनी मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी कमी दिसला.

‘ब्लिंग-३’ने काही सिद्ध झाले नाही असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. औषध तेच, मात्रा तीच, बदलला तो फक्त देण्याचा वेळ. अशा बदलाने मृत्यूंत दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडण्याची शक्यता दिसते आणि अपाय वाढत नाही, तेव्हा तो बदल नाकारण्याचे कारण शोधावे लागेल. दुसरे असे, की त्या सात देशांत भारत नव्हता. जंतूची एमआयसी अगदी कमी असेल तर कोणतीही पद्धत पुरते, आणि फरक दिसतो तो सीमेवरच्या एमआयसीमध्ये. भारतीय आयसीयूंत असे जंतू अधिक आढळतात, म्हणून इथे लाभ कमी नव्हे तर अधिक असण्याची शक्यता आहे. मात्र न्यूमोनिया किंवा लघवीच्या संसर्गाने वॉर्डात दाखल झालेल्या, रक्तदाब ठीक असलेल्या साध्या रुग्णाला हा लाभ लागू करण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी अर्ध्या तासाची बाटली पुरेशी आहे.

पंप नाहीत, सिस्टर कमी

दुसरा आक्षेप अधिक जमिनीवरचा आहे. सरकारी रुग्णालयात एका परिचारिकेकडे पूर्ण वॉर्ड असतो, तिथे पंप आणायचे कुठून? आक्षेप खरा आहे, पण लांबवलेल्या इन्फ्युजनला पंप अनिवार्य नाही. मिलिलिटरला ६० थेंबांचा मायक्रोड्रिप सेट लावला तर १०० मिलिलिटर तीन तासांत जायला मिनिटाला ३३ थेंब लागतात. २० थेंबांच्या साध्या सेटला ११ थेंब. ११ थेंब मोजून टिकवणे अवघड, ३३ टिकवणे तुलनेने सोपे. बाटलीवर चिकटपट्टी लावून तासातासाच्या खुणा केल्या की जाता-येता नजर टाकूनही चूक कळते. रुग्णाने हात वाकवला की थेंब अडतात, हे मान्यच. पण तीन तासांचे इन्फ्युजन चार तास चालले तर बिघडत नाही. व्हॅन्कोमायसिनसारख्या, वेगाला नाजूक औषधांसाठी असलेले थोडे पंप राखून ठेवता येतात. खरी अडचण वेगळी आहे : लांबवलेल्या डोसाने शीर बराच वेळ अडते आणि दुसऱ्या औषधांना जागा उरत नाही. म्हणूनच ही पद्धत गरजूंपुरतीच ठेवावी.

रक्तातली पातळी मोजायची सोय मोठ्या शहरांबाहेर क्वचितच मिळते, असाही आक्षेप येतो. व्हॅन्कोमायसिन आणि अमिनोग्लायकोसाइडसाठी ती असायलाच हवी. बीटा-लॅक्टमसाठी ती नसली तरी रोजचे क्रिएटिनिन आणि लघवीचे प्रमाण पाहून डोस रोज नव्याने ठरवता येतो. यात एक गट हमखास निसटतो. अपघातात जखमी झालेले, भाजलेले तरुण रुग्ण. त्यांची मूत्रपिंडे नेहमीपेक्षा अधिक वेगाने काम करतात, क्रिएटिनिन ‘छान’ दिसते आणि औषध मात्र टिकत नाही. दहा देशांतल्या ६८ रुग्णालयांत झालेल्या ‘डाली’ अभ्यासात संसर्गावर उपचार घेणाऱ्या १६ टक्के आयसीयू रुग्णांत बीटा-लॅक्टमची पातळी अर्धा वेळही एमआयसीच्या वर राहत नव्हती.

शीर कधी सोडायची

पद्धतीच्या विचारात शिरेतून देणे थांबवण्याचा विचारही येतो, आणि सलाईनवरची श्रद्धा सर्वांत घट्ट असते ती इथे. शिरेतून गेलेले औषध अधिक जोरकस, असे रुग्णांना वाटते आणि अनेक डॉक्टरांनाही. लिनेझोलिड तोंडाने घेतले तर जवळजवळ पूर्ण शोषले जाते. लेव्होफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल, डॉक्सिसायक्लिन, को-ट्रायमोक्साझोल यांचेही तसेच. पोट चालू असेल आणि रुग्ण गिळू शकत असेल, तर या औषधांच्या बाटल्या टांगून रक्तात काही अधिक पोहोचत नाही. हाताला मात्र इंट्राकॅथ राहते, शीर सुजते, आणि त्या छिद्रातून रक्तात नवा संसर्ग शिरण्याची वाट उघडी राहते.

हाडांचे आणि हृदयाच्या झडपांचे संसर्ग म्हणजे सहा-सहा आठवडे शिरेतून, हा नियम दशकानुदशके निर्विवाद होता. ब्रिटनमधल्या १,०५४ रुग्णांच्या ‘ओविवा’ चाचणीने २०१९ मध्ये दाखवले की हाडा-सांध्यांच्या संसर्गात पहिल्या आठवड्यातच गोळ्यांवर आणलेल्यांत वर्षभरात उपचार फसण्याचे प्रमाण १३.२ टक्के होते, शिरेतून घेणाऱ्यांत १४.६ टक्के. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या ‘पोएट’ चाचणीत हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपांचा संसर्ग झालेले ४०० रुग्ण होते. निदान दहा दिवस शिरेतून औषध घेऊन स्थिरावल्यावर गोळ्यांवर गेलेल्यांत वाईट परिणाम ९ टक्के, शिरेतूनच चालू ठेवलेल्यांत १२.१ टक्के.

महाराष्ट्राकडे याच दिशेचा एक मोठा पुरावा त्याआधीच होता. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांच्या सेवेचा प्रयोग केला. सेप्सिसची लक्षणे दिसलेल्या बाळांना प्रशिक्षित आरोग्यदूत घरीच स्नायूत जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमोक्साझोल देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. ही घट स्तनपान, ऊब, कमी वजनाच्या बाळांची काळजी अशा सगळ्या सेवेची होती, तरी सेप्सिसचे उपचार त्यातला मोठा भाग होते. शिरेपर्यंत पोहोचणे अशक्य होते तिथे योग्य वेळी स्नायूत गेलेले औषध कामी आले, कारण जेंटामायसिन स्नायूतून जलद आणि पुरते शोषले जाते.

म्हणून शिरेतले प्रतिजैविक सुरू करतानाच ते ४८ ते ७२ तासांनी तपासण्याची तारीख केस पेपरवर पडायला हवी. ताप उतरला, रक्तदाब स्थिरावला, खाणेपिणे सुरू झाले आणि जंतूला चालणारी गोळी उपलब्ध असली की बदल त्याच दिवशी करता येतो. मेंदूज्वर, आतडी बंद पडलेली असणे, सतत उलट्या, किंवा जंतूवर गोळीच उपलब्ध नसणे, अशा परिस्थितींत शीर पुढे चालू ठेवावी लागते. ज्यांना बरे वाटू लागल्यावरही आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध लागते, त्यांच्यासाठी रुग्णालयातला पलंग अपरिहार्य नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांपासून अशा बाह्यरुग्ण उपचाराची सुरुवात झाली. शिरेत बराच काळ टिकणारी नळी, रोज एकदाच द्यावे लागणारे सेफ्ट्रियाक्झोन किंवा एर्टापेनेमसारखे औषध, आठवड्याला रक्ततपासणी आणि नळीची निगा राखणारी प्रशिक्षित परिचारिका, एवढे जमले तर हे उपचार तालुक्याच्या ठिकाणीही देता येतात. नळीची निगा राखणारे कोणी नसेल तर मात्र रुग्णाला घरी पाठवणे धोक्याचे आहे.